फायनलची ड्युटी

आमच्या साडूंचं मत नाही अशी एकही गोष्ट या पृथ्वीवर उरलेली नाही, आणि यान उतरल्यापासून चंद्रावरही फारसं काही उरलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते रोह्याला राहतात, मी पेणला. मधे कासू, नागोठणे आणि निडी अशी तीनच स्टेशनं. त्यामुळे त्यांच्या मतांना माझ्यापर्यंत पोहोचायला पूर्वीही फार वेळ लागत नसे. आता तर मोबाइलच आहे. सकाळी साडेसातला माझा फोन वाजला की बायको स्वयंपाकघरातूनच म्हणते, "घ्या, बातम्या आल्या." पण त्या बातम्या नसतात. बातम्या मी पेपरात आधीच वाचलेल्या असतात, साडू फक्त त्यांचा निकाल लावतात. "मास्तर, यान उतरवलं ते झ्याक केलं, पण जागा चुकली. माझं आपलं असं मत हाय की जरा डावीकडं पायजे होतं." चंद्रावर डावीकडे म्हणजे कुणीकडे, हे मी विचारलं नाही. शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवल्यामुळे कुठलं उदाहरण सोडवायला घेऊ नये, हे मला चांगलं कळतं.

साडूंनी उभी हयात रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शिफ्ट काही अंगातून गेलेली नाही. सकाळी सात ते तीन फर्स्ट, तीन ते अकरा सेकंड, मग रात्रीची थर्ड, आणि मतंही याच वेळापत्रकावर चालतात. साडेसातच्या फोनवर क्रिकेटच्या कॅप्टनला घरी बसवलेलं असतं. दुपारी चारच्या फोनवर तोच कॅप्टन असा असतो की त्याच्यासारखा पुन्हा होणे नाही. सकाळी हायवेचं काम या जन्मात पुरं होत नाही, आणि संध्याकाळी ते पुरं झाल्यावर पेणला किती मिनिटांत पोहोचता येईल याचा हिशेब मांडलेला असतो. मी एकदा भोळेपणानं सकाळच्या वाक्याची आठवण करून दिली. तर म्हणाले, "ते फर्स्ट शिफ्टचं होतं, मास्तर. तो माणूस घरी गेला. आता सेकंडवाला आलाय, त्याला काय इचारायचं ते इचारा." कंपनीत पुढच्या शिफ्टला येणाऱ्या माणसाला रिलिव्हर म्हणतात. रिलिव्हर येऊन चार्ज घेईपर्यंत आपली जागा सोडायची नाही, हा तिथला सगळ्यात मोठा नियम. एका पावसाळ्यात साडूंचा रिलिव्हर पुरात अडकला आणि हे लागोपाठ दोन शिफ्ट उभे राहिले. त्या दिवशी त्यांच्याच मुलीचं बारसं होतं. पाळण्याभोवती सगळ्या बायका जमल्या आणि बाप प्लांटवर. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, हे अजूनही ऐकवते. साडू शांतपणे म्हणतात, "पॉइंट रिकामा ठेवायचा नसतो, गो. बारशाला बायका पुष्कळ होत्या."

सार्वजनिक आरोग्य हा त्यांचा खास प्रांत. महामारीच्या दिवसांत त्यांच्याकडे मास्कविषयी तीन मतं होती, शिफ्टला एक. मास्कनं काही होत नाही, मास्कशिवाय काही खरं नाही, आणि ज्यानं आयुष्यभर कंपनीचा गॅस हुंगला त्याच्या नाकाला विषाणूच घाबरेल. लस घेऊ नये असं त्यांनी मला तीन दिवस फोनवर पटवलं, आणि चौथ्या दिवशी कळलं की रोह्याच्या केंद्रावर पहिल्या रांगेत हेच उभे होते. "मी घेतली म्हणून तर सांगतो, घेण्यासारखं काय नाय त्यात," हा खुलासा. सकाळी फिरायला जाणाऱ्यांबद्दल त्यांचं निरीक्षण असं की ही सगळी माणसं आजारी असतात. "रोज बघतो ना गॅलरीतून. चालणारा एक तरी निरोगी दाखवा." यावर मी त्यांना कारण आणि परिणाम यांतला फरक समजावण्याचा प्रयत्न केला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही पण सकाळचं चालता ना? मग तसंच."

मालिका ते बघत नाहीत. ताई संध्याकाळी टीव्ही लावते तेव्हा ते तिथेच खुर्चीत पेपर उघडून बसतात आणि पेपराच्या वरच्या कडेवरून देखरेख करतात. ताईच्या त्या मालिकेत एक खाष्ट आत्या आहे. घरातल्या सगळ्या सुनांना तिनं पळता भुई थोडी केली आहे. तिच्याविषयी साडूंना मोठी सहानुभूती. "बाई वाईट नाय. हिला घरात काय काम नाय, हा खरा प्रॉब्लेम. हिला शिफ्ट लावा, आठ दिवसांत सुधारते का नाय बघा." एकदा मी तिथे असताना त्या आत्यानं दुधात काहीतरी कालवून पेला सुनेच्या हातात दिला. साडू पेपरासकट उठले आणि ओरडले, "अगो, पिऊ नको!" सुनेनं ऐकलं नाही. त्या रात्री ते नेहमीपेक्षा अर्धी भाकरी कमी जेवले, आणि झोपताना मला म्हणाले की हल्लीच्या मालिकांत काही राम राहिलेला नाही.

मात्र दोन मतं अशी होती की ती तिन्ही शिफ्टला कायम. एक मिठाबद्दल, दुसरं गाडीबद्दल.

मिठाचं कारण सरळ आहे. साडू मूळचे पेणच्या खारेपाटातले, मिठागरावरच्या घरातले. त्यांचे वडील घोटाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचे; त्यांच्या पायांच्या भेगा मी स्वतः पाहिल्या आहेत. त्यामुळे मीठ हा साडूंच्या घरी चवीचा नव्हे, मानाचा विषय. ताट समोर आलं की चाखून बघण्याआधी वरून मीठ घ्यायचं. लोणच्यावरही घ्यायचे. पेणहून आमच्याकडचे पोह्याचे पापड गेले की एक पापड नुसता चाटून बघून सांगायचे, "मेहुणीबाईंचा हात यंदा आखडला." कुणी रक्तदाबाचं नाव काढलं तर त्यांचा चढायचा. "माझा बाप मीठ पिकवून, मीठ खाऊन नव्वदीला टेकला. त्याला कुठं बीपी होता?" तुमच्या वडिलांचा रक्तदाब कधी कुणी मोजलाच नव्हता, हे मी मनातल्या मनात म्हणायचो.

गाडीचं प्रकरण जास्त खोल आहे. फार वर्षांपूर्वी कंपनीच्या कॉलनीतल्या टीव्हीवर साडूंनी तीन फायनल ओळीनं पाहिल्या आणि तिन्ही आपण हरलो. चौथ्या वेळी ते काही कामानं पेणला आमच्याकडे यायला रोह्याहून दिवा स्टेशनला जाणाऱ्या गाडीत बसले होते, आणि गाडी कासूला असताना आपण जिंकलो. तेव्हापासून ठरलं. फायनलच्या दिवशी साडूंनी रोह्याला गाडीत बसायचं, पेणला उतरायचं, उलट्या गाडीनं रोह्याला परत जायचं. फोन बंद. कुणाला स्कोअर विचारायचा नाही. पेणला आमच्या घरी यायचं नाही, कारण घरात टीव्ही. मी प्लॅटफॉर्मवर थर्मास घेऊन जायचं, तेही तोंडाला मास्क लावून. "तुमच्या तोंडावर स्कोअर दिसतो, मास्तर." मास्कनं काही होत नाही असं फर्स्ट शिफ्टला सांगणाऱ्या माणसासाठी मी पेण स्टेशनच्या बाकावर डोळ्यांपर्यंत मास्क चढवून चहा ओतत बसलेलो आहे. एकदा नागोठण्याला शेजारच्या माणसानं मोबाइलवर कॉमेंट्री लावली, तर हे कानांत बोटं घालून उतरले आणि धावत दुसऱ्या डब्यात चढले. यात काही वेळा आपण जिंकलो, काही वेळा हरलो. जिंकलो तर गाडीमुळे. हरलो तर डबा बदलावा लागला, खिडकी मिळाली नाही, चहा गोड झाला, असं काहीतरी निघायचंच. मी एकदा त्या बाकावर नाणं काढून पंधरा-वीस वेळा उडवलं आणि त्यांना दाखवलं की छापा-काट्याला आपण कुठे बसलो आहोत याचं काही सोयरसुतक नसतं. साडूंनी चहाचा घोट घेतला. "बरोबर हाय तुमचं. पण नाण्याला कुठं पब्लिक असतं?"

मागच्या वर्षी एका सकाळी साडेसातला फोन आला नाही. आठ वाजले तरी नाही. बायको ओट्यापाशीच थांबली होती. साडेआठला ताईचा आला. साडूंना न्हाणीघरात चक्कर आली, दवाखान्यात नेलं, बीपी इतका वर होता की डॉक्टरांनी यंत्र बदलून पुन्हा बघितला. चार दिवसांनी घरी सोडलं ते दोन अटींवर. पुढचे काही महिने प्रवास आणि दगदग बंद, सामनेसुद्धा बघायचे नाहीत. आणि मीठ बंद. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण स्पष्ट बोलणाऱ्या. पुन्हा असा चढला तर अर्धं अंग जाईल, जीवही जाईल, असं त्यांनी साडूंच्या तोंडावर सांगितलं. साडूंनी पहिली अट मुकाट ऐकली. दुसऱ्या अटीला म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या हाव. पण माझ्या बापाला माझ्या ताटातनं उठवू नका."

आणि मग ते जेवेचनात. अळणी भात समोर आला की ताट सरकवायचे. चिडायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, मतही द्यायचे नाहीत, आणि ताईला घाबरवलं ते त्यानंच. "मास्तर, तुमी येऊन जा," ती फोनवर रडत होती. "दोन दिस नुसत्या चहावर हायत. मी गपचूप चिमूट घातली असती, पण मग त्या बाई म्हणतात तसं झालं तर?" मी दुपारच्या गाडीनं गेलो. साडू खिडकीजवळच्या कॉटवर बसले होते. एवढा मोठा माणूस, दोन दिवसांत सदऱ्यात ढिला झाला होता. मी मिठावर एक चांगलं व्याख्यान तयार करून नेलं होतं. ते मी दिलं. त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. शेवटी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रविवारी फायनल हाय."

"असू दे ना. डॉक्टरांनी बघू नका म्हटलंय."

"बघत कोण होतं? गाडीत कोण बसणार? पॉइंट रिकामा ऱ्हाणार, मास्तर. रिलिव्हर नाय."

मी गणिताचा माणूस. नाणं उडवून दाखवणारा. पण तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मी अजून कुणा विद्यार्थ्याला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "मी बसतो. पण एका अटीवर. मी गाडीत बसणार, तुम्ही ताटावर बसायचं. डॉक्टरीणबाई सांगतील तोवर अळणी."

 मग त्यांनी ताईला हाक मारली, "गो, जुनं क्यालेंडर आण." आणि त्याच्या पाठीवर मला चार्ज लिहून दिला. खिडकी खाडीच्या अंगाची. फोन बंद, बंद म्हणजे बंद, सायलेंट नाय. झोपायचं नाय. कुणाला इचारायचं नाय. पेणला घरी जायचं नाय. खाली सही केली, माझी घेतली, आणि मग वाटीभर आमटीत भात कालवून डोळे मिटून खाल्ला. ताई दारातून आत आलीच नाही, पदर तोंडाला लावून तिथेच उभी राहिली.

रविवारी मी सकाळीच पेणहून रोह्याला गेलो आणि दुपारची गाडी धरली. सामना परदेशात होता, दुपारी सुरू होऊन दिवेलागणीला संपणार होता. जाताना काही विशेष घडलं नाही. पेणच्या बाकावर बायको थर्मास घेऊन आली. तिनं पदर नाकावर ओढून घेतला होता. क्रिकेटमधलं तिला काही कळत नाही, पण शेजारच्या घरातला आरडाओरडा तर ऐकून आलेली होती. "डोळे पण झाकू का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, बोलू नकोस. तिच्या कपाळावरच्या आठ्या मला दिसल्या आणि मी पटकन तिच्या चपलांकडे बघायला लागलो.

परतीच्या गाडीत समोर एक गृहस्थ कानांत वायरी घालून मोबाइल बघत होते. त्यांचा चेहरा बघायचा नाही म्हणून मी खिडकीला नाक लावलं. बाहेर खारेपाट होता. बरीचशी मिठागरं आता मोडलीत, बांधांवर गवत माजलंय. कुठेतरी तिकडेच साडूंचे वडील पाण्यात उभे असायचे. खिशात माझा फोन होता, बंद. तो चालू करायला एक बटण पुरेसं होतं, आणि गाडीत मला ओळखणारं कुणी नव्हतं. कासूला मी तो हातात घेतला, आणि तसाच परत ठेवला. सामन्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला वाटत होतं, मी इकडे बटण दाबलं तर तिकडे रोह्याला ताट सरकवलं जाईल. या वयात नवा साडू काही मिळत नसतो, आणि मला हाच हवा होता. ही भीती कुठल्याच समीकरणात बसत नाही हे माहीत असूनही मी ती रोह्यापर्यंत छातीशी धरून बसलो.

रोह्याला उतरलो तेव्हा अंधारत होतं. फटाके नव्हते. रिक्षा स्टँडवर पाच-सहा माणसं एका मोबाइलभोवती उभी होती आणि कुणीच बोलत नव्हतं. मला कळलं. स्टेशन ते साडूंचं घर दहा मिनिटांचं. मला त्या दिवशी वीस लागली.

दार ताईनं उघडलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली. टीव्ही बंद होता. साडू जेवायला बसले होते. ताटात भात आणि वालाची आमटी. मिठाची बरणी टेबलावर नव्हती.

"हरलो ना?" मी दारातूनच विचारलं.

"हरलो. शेजाऱ्यांकडं एकदम गप झालं, तवाच समजलो."

मी भराभरा बोलायला लागलो. फोन उघडला नाही, डोळा लागू दिला नाही, खिडकी खाडीचीच होती, बायकोच्या तोंडाकडेसुद्धा बघितलं नाही. गृहपाठ न केलेला मुलगा जसा बोलतो तसा मी बोलत होतो. साडूंनी घास गिळला.

"बसा, मास्तर. गाडीचा काय संबंध नाय. माझं मत बदललं."

"कधी?"

"आत्ताच. शिफ्ट बदलली तवा."

वीस वर्षं मी त्यांना हेच पटवत होतो, आणि आता ते पटलं तर मला बरं वाटेना. मी म्हटलं, "असं कसं? आणि इतक्या वेळा जिंकलो ते?"

"ते खेळणारे खेळले म्हणून. आपण काय, गाडीत बसतो. तुमीच तर दावलं होतं, नाणं उडवून."

"नाण्याला कुठं पब्लिक असतं?" मी म्हणालो.

साडूंना ठसका लागला. ताई पाणी घेऊन धावली. हसू की खोकला हे कळायला मार्ग नव्हता. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी डाव्या हातानं पुसलं. "रिलिव्हरला कुणी बोलत नसतं, मास्तर," ते म्हणाले. "गो, ताट वाढ यांना." मी आमटीचा घास घेतला. कशी आहे विचारल्यावर बरी आहे म्हणालो. "बरी काय, घाण हाय," साडू म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

त्यानंतर ते अळणीच खातात. बीपी ताब्यात आहे. काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी सामने बघायची मोकळीक दिली, आणि तेव्हापासून साध्या सामन्यांत कॅप्टनला रोह्याहून सूचना जाऊ लागल्या आहेत. साडेसातचा फोनही येतो. फक्त कधीकधी एखाद्या विषयावर ते मधेच थांबतात आणि "बघू" म्हणतात. हा शब्द पूर्वी त्यांच्याकडे नव्हता, आणि तो ऐकला की मला उगाचच उदास वाटतं. गाडीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्यांचं मत बदललं होतं ना.

गेल्या महिन्यात पुन्हा एक फायनल झाली. मी पेणला घरीच होतो. टीव्ही लावला, पाच मिनिटं बघितलं, उठलो. बायकोनं एक पिशवी हातात दिली. स्टेशनवर जाऊन मी रोह्याची गाडी धरली, खाडीच्या अंगाची खिडकी, फोन बंद. त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा सामना ऐन रंगात असणार, सगळ्या आळीत टीव्हीचा गलका चालू होता. साडूंच्या घरात मात्र टीव्ही बंद. ते कॉटवर खिडकीकडे तोंड करून ताठ बसले होते, आणि त्यांचा फोन टेबलावर बंद करून पालथा ठेवलेला होता.

"बिनमिठाचे पापड आणलेत," मी म्हणालो. "हिनं तुमच्यासाठी वेगळे लाटले."

त्यांनी पिशवीकडे बघितलं. मग माझ्या सदऱ्याच्या खिशातून डोकावणाऱ्या तिकिटाकडे बघितलं. मी त्यांच्या मताची वाट बघत उभा राहिलो. ते जरा सरकले, आणि खिडकीजवळची जागा त्यांनी मला करून दिली.